शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या वहिनीला आमच्या भागात सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'ब्रेकबाई'. बावीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवते आहे. शाळा म्हणजे काय, तर एक छोटी पांढरी गाडी, टपावर पिवळा फलक, आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढे जास्तीचा एक ब्रेक नि एक क्लच. शिकणारा घाबरून दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतो (असे लोक खरोखर असतात), तेव्हा तो जास्तीचा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. ती ओरडत नाही. गाडी थांबली की शांतपणे म्हणते, "थांबलो." जणू दोघांनी मिळून ठरवून थांबवली.

मी तिची धाकटी नणंद. मागच्याच गल्लीत राहते, पोस्टात काउंटरवर बसते. तिच्याकडेच गाडी शिकले, पहिल्या फटक्यात पास झाले आणि त्यानंतर सहा वर्षं स्टिअरिंगला हात लावला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी काही मोठा पराक्रम गाजवला असेल असं कुणाला वाटायला नको.

गाठ सापडली ती सीटबेल्टमुळे. पट्टा छातीवर एका जागी टोचायला लागला, तर वहिनीनं पट्टाच बदलून घेतला. नवा पट्टाही तिथंच टोचला. मग तिनं मेकॅनिककडून सीट दोन बोटं वर करून घेतली, मग चार बोटं मागे. टोचणं जागचं हललं नाही. शेवटी मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "बाई, गाडीत काही दोष नाही." वहिनी तिथूनच दवाखान्यात गेली. खरं निदान त्या मेकॅनिकनं केलं, डॉक्टरांनी फक्त कागदावर आणलं.

ऑपरेशन झालं. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून पुढचं सांगितलं. सहा केमो, दर एकवीस दिवसांनी एक. केस जातील, तोंडाची चव जाईल, थकवा येईल, हातापायांना मुंग्या येतील. दादा, म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा, सगळं वहीत इतक्या घाईनं उतरवून घेत होता की घरी आल्यावर त्यालाच ते लागेना. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. खाली कुणीतरी एक निळी गाडी मागे घेत होतं आणि फार वाईट घेत होतं.

"आणि गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाले.

वहिनीचं लक्ष एकदम आत आलं. "किती दिवस?"

"उपचार संपेपर्यंत तरी."

"चालवायची नाही. पण शेजारी बसायचं का?"

डॉक्टरांना प्रश्नाचा रोख कळला नाही. "बसा की. बसायला कुणाची हरकत आहे?"

"अहो," वहिनी दादाला म्हणाली, "हे नीट लिहून घ्या. बसायला हरकत नाही."

पुढचे चार महिने जे काही झालं ते त्या एका वाक्यावर झालं.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. रोज लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून त्याच्या हाताला तेच वळण लागलंय. औषधांचा तक्ता केला तोही तसाच. सगळ्यात वर वीतभर अक्षरांत 'सकाळ', त्याखाली जरा लहान 'दुपार', मग आणखी लहान, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'ताप आल्यास ताबडतोब फोन करणे'. म्हणजे जी ओळ सगळ्यात महत्त्वाची ती वाचायला भिंग लागणार. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "ती ओळ वाचायची वेळच येऊ नये, म्हणून लहान काढलीय."

भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. वहिनीला धीर द्यायला येणारा प्रत्येक जण दारातच ढासळायचा आणि मग वहिनी त्याला धीर द्यायची. शेजारच्या मावशींनी तर कमाल केली. येऊन अशा हमसून हमसून रडल्या की वहिनीनं त्यांना आपल्या पलंगावर आडवं केलं, अंगावर पांघरूण घातलं आणि स्वतः त्यांच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. नेमकी तेव्हाच ड्रेसिंग बदलायला घरी येणारी नर्स आली. मी दार उघडलं, ती सरळ आत गेली. पलंगावर कण्हणारी बाई दिसल्यावर तिनं दुसरं काय करायचं? मावशींचं ब्लडप्रेशर घेतलं, फार वाढलंय म्हणून मान हलवली, आणि "घाबरू नका, आता जखम बघूया" म्हणत त्यांच्या ब्लाउजच्या हुकांना हात घातला. मावशींची किंकाळी वहिनीनं स्वयंपाकघरात ऐकली. ती पाण्याचा ग्लास घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अहो, पेशंट मी आहे. पण त्यांचं प्रेशर खरंच वाढलं असेल तर गोळी त्यांनाच द्या."

आता मुख्य अडचण. हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला, सरळ गेलं तर चाळीस मिनिटं. वहिनीला सकाळी न्यायचं, चार-पाच तास थांबायचं, परत आणायचं. दादाला गाडी येत नाही. भाड्याच्या गाडीत वहिनी बसायला तयार नाही, कारण त्या गाड्यांत तिच्या पायापुढे ब्रेक नसतो. "मला मळमळ परवडली," म्हणाली, "पण नुसतं बसून दुसऱ्याचं क्लच ऐकणं परवडणार नाही."

बावीस वर्षांत तिनं दोनेक हजार लोकांना शिकवलं असेल. आम्ही फोन लावले. सगळ्यांना वाईट वाटलं, सगळ्यांनी मदत देऊ केली, पण दिवसभर मोकळं कुणीच नव्हतं. जे पास झाले होते ते गाडी घेऊन कामाला जात होते. मोकळे होते ते नापास झालेले.

त्यांत पहिला नंबर भूमितीच्या सरांचा. वय चौसष्ट, शाळेतून निवृत्त, उंच, वाकलेले, खिशात कायम पेन्सिल. गाडीच्या परीक्षेत अकरा वेळा नापास. सरांचं म्हणणं असं की गाडी दोन गाड्यांच्या मधे लावणं हा शुद्ध भूमितीचा प्रश्न आहे. परीक्षेच्या मैदानात ते गाडी थांबवून स्टिअरिंगवर कागद धरायचे, कोन काढायचे, आणि उत्तर बरोबर येईपर्यंत वेळ संपलेली असायची. उत्तर मात्र दर वेळी बरोबर यायचं, हेही सांगायला हवं.

"बाई, मी येईन," ते म्हणाले. "सहाच्या सहा वेळा. मला तसंही तासाची सवय आहे."

"वन्सं," वहिनी मला म्हणाली, "तुम्ही मागे बसा. तुमच्याकडे लायसन्स आहे."

"पण मी सहा वर्षांत..."

"चालवायचं नाहीये. असायचं आहे."

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. सर प्रत्येक चौकात थांबायचे, सिग्नल हिरवा असला तरी. येताना वहिनीच्या पोटात ढवळायला लागलं. मांडीवर पिशवी, डोक्याला रुमाल, चेहरा कागदासारखा पांढरा, आणि तोंडानं शिकवणी चालूच. "दुसरा गिअर... थांबा." पिशवीत डोकं. "हां. आता आरसा. आरसा बघितलात का?"

"बाई, मी तुमच्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे बघून काय मिळणार? मागून बस येतेय."

तिसऱ्या केमोला वॉर्डात तो माणूस भेटला. लांब खोली, भिंतीला टेकून आरामखुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा खांब. वहिनीच्या बाजूच्या खुर्चीत एक तुळतुळीत डोक्याचा, भुवया नसलेला माणूस बसला होता. नर्स त्याच्या हातात सुई घालत होती. शीर सापडली नाही. तिनं सुई काढली.

"नापास," तो माणूस शांतपणे म्हणाला. "आठ दिवसांनी पुन्हा या."

वहिनीनं चमकून मान वळवली. तो आवाज तिनं बावीस वर्षं ऐकला होता. ते परवाना कार्यालयातले इन्स्पेक्टरसाहेब होते. झुपकेदार मिशी आणि टोपी गेल्यावर त्यांच्यात ओळखण्यासारखा आवाजच काय तो उरला होता. सरांना अकरा वेळा नापास करणारे ते हेच.

"साहेब?"

त्यांनी वहिनीकडे, तिच्या रुमालाकडे बघितलं. "बाई, तुम्ही पण?"

"मी पण."

मला वाटलं, आता एकमेकांना धीर देतील. साहेब म्हणाले, "तुमचे विद्यार्थी हँडब्रेक अर्धाच सोडतात."

"आणि तुम्ही चढावरची परीक्षा मुद्दाम ओल्या रस्त्यावर घेता."

सुरुवात ही अशी झाली, आणि मग चार तास दोघं भांडले. हातातल्या नळ्या सांभाळत, मधेच ओकारी आली की थांबत, पुन्हा धागा पकडत. बिस्किटांच्या पुड्यांच्या गाड्या करून ट्रेवर लावून दाखवल्या. समोरच्या खुर्चीतल्या आजी कानातलं यंत्र वाढवून ऐकत होत्या. त्यांचा डोस तासाभरात संपला होता, पण निकाल लागल्याशिवाय त्या उठायला तयार नव्हत्या. इकडे बाहेर बसलेल्या सरांना मी जाऊन सांगितलं, की आत साहेब आहेत. सरांची पाचावर धारण बसली. ते उरलेला वेळ पाण्याच्या मोठ्या टाकीमागे उभे राहिले. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण त्यांना विचारायचा, "तुमचा नंबर आला नाही का अजून?"

त्या दिवसापासून वहिनी केमोच्या तारखेची वाट बघायला लागली. दादाला हे समजेना. आदल्या दिवशी ती मुद्दे काढून ठेवायची.

त्या तिसऱ्या केमोनंतरच तिच्या पायांची बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी मुंग्या येतील म्हणून सांगितलं होतं, पण मुंग्या येऊन गेल्या आणि मागे काहीच उरलं नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच दिसायचं, की चपला घालताना ती खाली वाकून बघायची.

पाचव्या केमोला जाताना, बेकरीच्या कोपऱ्यावर, एक मालाचा टेम्पो एकदम मागे आला. मी मागून ओरडले. गाडी थांबली. टेम्पोच्या मागच्या फळीत आणि आमच्या बॉनेटमध्ये चार बोटं अंतर राहिलं असेल.

"थांबलो," वहिनी म्हणाली. मग श्वास घेऊन म्हणाली, "वेळेवर दाबला मी."

सरांनी खाली बघितलं. मग अगदी हळू आवाजात, वर्गात एखाद्या हुशार मुलाचं उत्तर चुकल्यावर बोलावं तसं म्हणाले, "बाई, तुमचा पाय चटईवर आहे."

वहिनीनं खाली बघितलं. तिचा उजवा पाय ब्रेकच्या बाजूला, रबरी चटईवर, सगळी ताकद लावून दाबलेला होता. तिला कळलंच नव्हतं. गाडी सरांनी थांबवली होती.

निदान झालं तेव्हा ती रडली नव्हती. केस गेले तेव्हा तर हसली होती. त्या कोपऱ्यावर मात्र ती रडली. तोंड दोन्ही हातांत घेऊन, खांदे हलेपर्यंत. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. सरांना काय करावं सुचेना. त्यांनी आधी इंडिकेटर लावला. त्यानं काही फरक पडेना तेव्हा ते खाली उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि चाळीस वर्षांच्या सरावाच्या आवाजात गरजले, "शांतता! एकेक जण! डावीकडून!" हॉर्न खरोखर बंद झाले. एकेक गाडी मान खाली घालून बाजूनं निघून गेली. एकानं तर काच खाली करून "सॉरी सर" म्हटलं.

मी मागून वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "वन्सं," ती म्हणाली, "माझा पायच गेला."

"आहे ना जागेवर."

"मला कळत नाहीये तो. इतके दिवस सरांना कोण थांबवत होतं मग?"

सर आत येऊन बसले होते. "गेल्या दोन वेळा तरी मीच," ते म्हणाले. "तुमचा पाय पॅडलवर नसतो हे मला मागच्या वेळीच दिसलं होतं. त्या दिवसापासून मी लक्ष देऊन चालवतोय."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तुम्ही होतात की, बाई."

वहिनीनं नाक पुसलं. "बोलला का नाहीत?"

"तुम्ही डॉक्टरांना तरी कुठं सांगितलंत?"

त्या दिवशी तिनं सांगितलं. डॉक्टरांनी औषधाचा डोस कमी केला आणि आधी का बोलला नाहीत म्हणून रागावले. बाजूच्या खुर्चीतून साहेब म्हणाले, "माहिती लपवणे. पाच गुण वजा."

त्याच दिवशी संध्याकाळी साहेबांना न्यायला कुणी आलं नाही. त्यांची सून यायची होती, तिची गाडी वाटेत बंद पडली. साहेब फाटकाशी बाकावर बसून राहिले. वहिनीला ते बघवेना. "बसा आमच्यात. सोडतो."

साहेबांनी स्टिअरिंगमागे कोण आहे ते बघितलं. सरांनी त्यांच्याकडे बघितलं. दोघांचेही चेहरे असे झाले, की कोण जास्त घाबरलंय हे सांगता येईना.

"बाई, मी बसनं जाईन."

"साहेब, तुम्हाला उभं राहवत नाहीये."

साहेब माझ्या शेजारी बसले. सवयीनं त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर धरली. गाडी निघाली. पहिल्या चौकापर्यंत कुणी श्वास घेतला नाही. सरांनी गिअर बदलला तो कळलासुद्धा नाही. खड्डा आला की ते अलगद बाजूला घ्यायचे, वळण आलं की आधीपासून वेग उतरवायचे. तीन महिने ते अशा बाईला घेऊन गाडी चालवत होते, जिला एक धक्का बसला की पिशवी लागायची. दुसरं कुठलं शिक्षण इतकं कडक असणार?

साहेबांच्या दारात गाडी थांबली. हँडब्रेक लागला. पेन्सिल खाली पडलेली होती. साहेबांची मान माझ्या खांद्यावर होती आणि ते घोरत होते.

आम्ही त्यांना उठवलं. ते गोंधळून इकडे तिकडे बघायला लागले. "मी झोपलो होतो?"

"पंचवीस मिनिटं," मी म्हटलं.

त्यांनी सरांकडे टक लावून बघितलं. "एकोणतीस वर्षं परीक्षा घेतोय," ते म्हणाले. "उमेदवार गाडी चालवतोय आणि मला झोप लागली, असं आजवर झालेलं नाही." मग उतरता उतरता म्हणाले, "पण हे धरलं जाणार नाही. रीतसर अर्ज करा."

सरांनी रीतसर अर्ज केला. बाराव्या परीक्षेला दुसरे इन्स्पेक्टर होते, तरुण, धडधाकट. सरांनी इतक्या सांभाळून गाडी चालवली की मागून सायकलवाले पुढे गेले. अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी कडेला घेतली, इन्स्पेक्टरांपुढे पिशवी धरली आणि आपुलकीनं विचारलं, "मळमळतंय का?" शेऱ्यात लिहून आलं: अतिसावकाश, व परीक्षकाशी अनावश्यक जवळीक. नापास. तेराव्या वेळी पास झाले. पिशवी आम्ही घरीच काढून घेतली होती.

वहिनीचा सहावा डोस झाला. साहेबांची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती. वहिनीनं नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, त्यांना वर दाखल केलंय. वहिनी सलाइन संपल्यावर खांबाचा आधार घेत वर गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "वळणावर आधी आरसा की आधी इंडिकेटर, यावर अजून ऐकत नाहीत."

दोन महिन्यांनी साहेब गेले. आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो. गल्लीत शिरलो आणि सरांनी गाडी हळू केली. साहेबांनी आयुष्यात पास केलेले, नापास केलेले, कितीतरी लोक आले होते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या गाड्या लावलेल्या होत्या. एकही वाकडी नव्हती. सगळ्या कडेपासून सारख्या अंतरावर, चाकं सरळ. एक जण तर आत जाऊन पुन्हा बाहेर आला आणि त्यानं आपली गाडी थोडी पुढे घेऊन नीट केली. वहिनी हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मग आम्ही पाच मिनिटं गाडीतच बसून राहिलो. कुणाच्या दारात भेटायला जाताना असं हसत कसं जाणार?

सरांनी आमची गाडी दोन गाड्यांच्या मधे लावली. कागद न काढता.

वहिनीचे केस परत आले ते कुरळे. आधी सरळ होते. असं होतं म्हणे. एकदा ती दादाच्या दुकानात गेली तेव्हा दादानं मान वर न करताच "बसा ताई, जवळचं दिसत नाही की लांबचं?" असं विचारलं, आणि वर बघूनही दोन क्षण ओळखलं नाही. त्या दिवशी तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मग संध्याकाळी त्याचाच चष्मा तपासायला लावला. नंबर वाढलेला निघाला.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. बोटांतली जाणीव बरीचशी परत आली आहे. पूर्ण नाही. ती रोज चारच शिकवण्या घेते आणि दुपारी झोपते. रिपोर्ट यायचा असतो त्या दिवशी मात्र एकही शिकवणी घेत नाही. त्या दिवशी ती मला बोलावते आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला लावते. ती शेजारी बसते, पाय सीटवर घेऊन, मांडी घालून.

"पाय खाली ठेवा ना, वहिनी," मी म्हणते. "मला भीती वाटते."

"वाटू दे," ती म्हणते. "चौथा गिअर टाका."